सोन्याचे पाय आणि दगडी भिंत: एका घरभेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोन्या आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड, वजन ३१ किलो. त्याचं नाव आणि घराच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आजार, दिवसांमधलं अंतर आणि तपासणीचे आकडे मात्र होते तसेच ठेवलेत.

घर सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं. काळ्या दगडाच्या हात-दीड हात जाड भिंती, वर माळवद, खाली शहाबादी फरशी. सुताचा व्यापार करणारे काका, काकू, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि काकांची आई, जिला अख्खी गल्ली अव्वा म्हणते. घर पक्कं शाकाहारी, त्यामुळे सोन्याही लहानपणापासून दूध-भाकरी, दही-भात आणि अव्वा देवासमोरून उठताना हातावर ठेवेल तो प्रसाद यांवर वाढलेला.

मी घरी जाऊन उपचार करणारी प्राण्यांची डॉक्टर. मला बोलावण्याचं कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात लस टोचताना त्यानं मदतनिसाच्या हाताचा लचका काढला होता. तेव्हापासून त्याला गाडीत घालायचं म्हणजे तोंडाला पट्टा, दोन गडी आणि दिवसभर हाणामारी. त्यात एप्रिलचा मध्य, दुपारी पारा ४२ च्या आसपास.

काका फोनवर म्हणाले, "मॅडम, मागचे पाय गेलेत ओ त्याचे. उठंना झालंय. तुम्ही ते सुयांचं करता म्हणे. आम्हाला गोळ्या-इंजेक्शनं नकोत, त्यानं किडनी जातीय म्हणतात."

हे वाक्य मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. होलिस्टिक म्हटलं की लोकांना वाटतं, गोळी गेली आणि तिच्या जागी तेल आलं. मी अॅक्युपंक्चर करते, मालिश शिकवते, ताटात काय पडतं ते बघते, आणि लागेल तेव्हा अँटिबायोटिकही देते. फोनवर हे सगळं सांगत बसत नाही, कारण मग माणसं बोलवतच नाहीत. त्या दिवशीही मी "येते" एवढंच म्हणाले. पुढच्या घोटाळ्याचं बी तिथंच पडलं, असं आता वाटतं.

पहिली भेट

सकाळी सातला पोहोचले. मधल्या खोलीत, अव्वाच्या कॉटखाली, भिंतीला पाठ लावून सोन्या पडलेला. ही त्याची रोजची जागा. दगडी भिंत गार लागते म्हणून उन्हाळ्यात तिथंच असतो, असं काकूंनी सांगितलं. हाक मारल्यावर पुढचे पाय रोवून उठायला गेला. मागचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकत गेले, आणि तो पुन्हा बसला.

जर्मन शेफर्ड, वय आठ, मागचे पाय दुखतात, फरशी निसरडी. या जातीत खुब्याच्या सांध्याची खोबण वाढीच्या वयात उथळ राहण्याचा दोष बराच आढळतो आणि वयाबरोबर तिथं संधिवात धरतो. दारातून आत पाऊल टाकल्यापासून तीन मिनिटांत माझं निदान तयार होतं. उरलेली पन्नास मिनिटं मी त्याला पुरावे गोळा करत होते.

तीन गोष्टी त्या निदानात बसत नव्हत्या. ताप १०३.१ होता. कुत्र्याचं अंग मुळातच गरम, १०२.५ पर्यंत चालतं. वरचं मी उन्हाळ्याच्या आणि अनोळखी माणसाच्या भीतीच्या खात्यावर टाकलं. हिरड्या फिकट वाटल्या, पण त्या खोलीत एक झरोका आणि एक जुनी ट्यूब. पिवळट उजेडात सगळंच फिकट दिसतं, असं मी स्वतःला समजावलं. तिसरी गोष्ट तर चक्क डोळ्यांसमोर घडली. कमरेला आणि मागच्या पायांना आठ सुया लावल्या होत्या. काढल्यावर सहसा रक्ताचा ठिपकाही येत नाही. इथं दोन जागा पाझरत राहिल्या. कापूस दाबून धरला, चार-पाच मिनिटांनी थांबल्या. केसपेपरवर मी लिहिलं: "दोन ठिकाणी किंचित रक्त." आणि पान उलटलं.

रक्ततपासणीचा विषय मी काढला होता, हेही नोंदवायला हवं. काका म्हणाले, "आधी सुयांनी काय फरक पडतोय बघू की." मी मान डोलावली. सांध्यांसाठी पूरक औषध, एरंडेल कोमट करून हलकी मालिश आणि फरशीवर पोती अंथरायला सांगून निघाले.

याआधी काही गोळी-बिळी दिलीत का, हेही विचारलं होतं. सगळ्यांनी "छे" म्हटलं.

अडचण

सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मुलाचा फोन. सोन्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं.

पोहोचले तेव्हा धार थांबून थेंब-थेंब चालू होतं. अव्वा त्याच्या डोक्याशी ओला पंचा घेऊन बसलेली. या वेळी मी त्याला अंगणात, उघड्यावर उजेडात आणवलं. हिरड्या पांढुरक्या. ओठ उलटल्यावर आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पोटाच्या कातडीवरही तेच. आणि कानाच्या मागे, केसांच्या मुळाशी, फुगलेल्या, वाटाण्यासारख्या तीन गोचिडी.

पहिल्या भेटीत मी मागचा भाग तपासत बसले होते. कानांच्या मागे बघितलंच नव्हतं.

आता चित्र वेगळं दिसायला लागलं. आपल्याकडे कुत्र्यांच्या "गोचीड तापा"चं एक नेहमीचं कारण म्हणजे एर्लिकिया कॅनिस हा जंतू. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. पहिला ताप येऊन जातो, कुत्रा वरकरणी बरा दिसतो, आणि काही महिने, कधी काही वर्षंही तो आत दबा धरून बसतो. मग प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पडतात, रक्त कमी होतं, नाकातून रक्त येतं. या आजारात सांधेही सुजतात आणि जनावर लंगडतं. जर्मन शेफर्डला तो जरा जास्तच कठीण जातो. म्हणजे ज्या जातीमुळे मी खुब्याकडे बघत बसले, त्याच जातीमुळे मला आधी गोचीड शोधायला हवी होती.

आणि प्लेटलेट पडलेल्या कुत्र्याला मी आठ सुया टोचल्या होत्या.

पर्याय

अंगणात उभ्या उभ्या चार रस्ते दिसत होते.

पुणे. अडीचशे किलोमीटर, पोहोचेपर्यंत ऊन चढणार. तिथं सगळ्या सोयी. पण चिडणारा, रक्त कमी असलेला कुत्रा तोंड बांधून चार-पाच तास गाडीत. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो, आणि तोंड आवळलं की तेच बंद होतं. धडपडीत नाकातलं रक्त पुन्हा सुरू झालं तर वाटेत काय करणार?

शहरातल्या दवाखान्यात भरती. अंतर वीस मिनिटांचं. सलाईन, देखरेख, गरज पडली तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देण्याची तयारी. अडचण तीच, सोन्याचा स्वभाव.

लगेच औषध सुरू करून तपासणीशिवाय घरीच ठेवणं. काकांचा कल इकडे होता. मी हा पर्याय बाद केला. एकदा डोळे झाकून चालले होते, तेवढं पुरे होतं.

चौथा रस्ता: रक्त घरीच काढायचं, दुपारपर्यंत आकडे घ्यायचे आणि त्यावर ठरवायचं. मी हा धरला, पण एक अट घालून. मुलाच्या वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फ्रिजवर लावलं: नाकातून पुन्हा रक्त येऊन दहा मिनिटांत थांबलं नाही तर, काळी शी झाली तर, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या तर, किंवा एकूण रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा २० टक्क्यांच्या खाली आला तर, मला न विचारता दवाखान्यात न्यायचं. दवाखान्यात फोन करून त्याच्या स्वभावाची कल्पना आधीच देऊन ठेवली.

घरी उपचार करणाऱ्या डॉक्टरची खरी परीक्षा "आता घर पुरे" हे कधी म्हणायचं, यात असते. ऐनवेळी माणसं घाबरतात आणि डॉक्टरचा मोह वाढतो. म्हणून तो आकडा डोकं शांत असताना कागदावर उतरलेला बरा.

काय केलं

रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून काढलं. मानेची मोठी शीर सोपी पडते, पण प्लेटलेट कमी असण्याचा संशय असताना तिथं सुई घालत नाहीत. आत रक्तस्राव झाला तर दाब देता येत नाही. अव्वा त्याच्या कानात कानडीत काहीतरी पुटपुटत होती आणि तो तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला होता. तोंडाला पट्टा लागलाच नाही. दवाखान्यात चावणारा कुत्रा तो हाच. सुई काढल्यावर घड्याळ लावून सहा मिनिटं दाबून धरलं.

दुपारी आकडे आले. प्लेटलेट ३१ हजार. निरोगी कुत्र्यात दोन ते पाच लाख असतात. तांबड्या पेशींचा वाटा २४ टक्के. प्रथिनांपैकी अल्ब्युमिन कमी, ग्लोब्युलिन वाढलेलं, जुनाट एर्लिकियात दिसतं तसं. मूत्रपिंडाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन किंचित वर. किटवरची एर्लिकियाची रेघ ठळक. काचपट्टीवर बबेसिया, गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, दिसला नाही, पण तो एका काचपट्टीवर न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. चार दिवसांत उतार पडला नाही तर पुढची तपासणी करायची, असं ठरवलं.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. किलोमागे १० मिलिग्रॅम हिशेबानं दिवसाला ३०० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, २८ दिवस. स्टेरॉइड द्यावं का, यावर रात्रभर मनात चाललं होतं. प्लेटलेट शरीर स्वतःच मारत असेल तर ते उपयोगी पडतं. पण आत जंतू असताना तेच अंगलट येऊ शकतं. दोन दिवस थांबायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सोन्या स्वतःहून उठून पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला, मग तो प्रश्न उरला नाही.

सातव्या दिवशी, म्हणजे रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या सकाळी, मी काकांना सांगितलं की पहिल्या दिवशी रक्त तपासल्याशिवाय सुया लावणं ही माझी चूक होती, ते पैसे मी घेणार नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात हात घातला आणि गोळ्यांची एक पट्टी माझ्यासमोर ठेवली. डायक्लोफिनॅक, दुखण्यावरची, माणसांची. दोन गोळ्या गायब.

"तुम्ही यायच्या आधी अर्धी-अर्धी दिली होती, चार वेळा. माझ्या गुडघ्याची होती. आधीच्या डॉक्टरनं असल्यावरनं फार झापलं होतं, म्हणून बोललो नाही."

डायक्लोफिनॅक गिधाडांच्या मुळावर उठलं म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, हे पुष्कळांना माहीत असतं. कुत्र्याच्या पोटात ते व्रण पाडतं आणि मूत्रपिंडाला झटका देतं, हे फारसं कुणी सांगत नाही. गोळ्या-औषधं नकोत म्हणणाऱ्या घरातच ही पट्टी निघाली, याचं मला तेव्हा हसू येत होतं आणि रागही. क्रिएटिनिन का वाढलं, याचा निदान एक धागा मिळाला. पोटासाठी औषध जोडलं. दुखण्यावरची कुठलीही गोळी बंद.

जेवणाचं प्रकरण वेगळंच. अल्ब्युमिन २.१ वर आलेलं, म्हणजे प्रथिनं हवीत. मी अंड्याचं नाव काढलं आणि खोली गप्प झाली. पनीर आणि घट्ट दही यांवर सुरुवात केली. त्यानंतर चौथ्या दिवशी काकू दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माडीवरच्या भाडेकरूंकडं उकडून आणते रोज दोन. अव्वांना कळू देऊ नका." पुढच्या आठवड्यात अव्वानं मला बाजूला घेऊन विचारलं, दोन अंडी पुरतात का त्याला.

आठव्या-नवव्या दिवशी उलट्या झाल्या. मला वाटलं आजार उलटला. बघितलं तर अव्वा सकाळची गोळी उपाशीपोटी, नुसती घशात ढकलून देत होती, वर दोन चमचे दूध. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते, आणि दुधातल्या कॅल्शियमनं औषध अंगात कमी शोषलं जातं. गोळी भाताच्या मुदीत घालून द्यायची, वरून पाणी पाजायचं, दूध दोन तासांनी. उलट्या बंद.

भिंत

इतकं सगळं करून मी एक गोष्ट दहाव्या दिवसापर्यंत लांबवली, आणि घरभेटीचा खरा फायदा तीच होती.

अव्वाची कॉट ओढली. मोबाइलची बॅटरी भिंतीवर टाकली. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना ठिकठिकाणी गळून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. एका फटीत झाडूची काडी घातली. आधी तपकिरी टरफलं पडली, मग डाळीच्या दाण्यासारख्या चपट्या गोचिडी, आणि मागून मोहरीच्या पेंडीसारखा अंड्यांचा गठ्ठा. मुलगा दोन पावलं मागं सरकला. अव्वा म्हणाली, "हे तर आमच्या घरात पहिल्यापास्नं हायत की." ती वर्षानुवर्षं सोन्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून रॉकेलच्या डबीत टाकत आली होती. मध्यंतरी रॉकेलचा बोळा त्याच्या अंगावर फिरवत असे, ते बंद केलं कारण त्याची कातडी सोलवटली.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड गुराच्या गोचिडीसारखी रानावर अवलंबून नसते. ती घरातच पिढ्या काढते. रक्त पिऊन झालं की खाली पडते, भिंत चढते, फटीत शिरते; एक मादी हजारोंनी अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन् महिने तग धरते. अंड्यातून निघालेलं पिल्लू एर्लिकिया घेऊन येत नाही, ते आजारी कुत्र्याला चावल्यावर त्याला लागण होते आणि पुढच्या अवस्थेत ते जंतू दुसऱ्याला देतं. गार भिंतीला पाठ लावून झोपणारा सोन्या त्या भिंतीचं अन्नछत्र होता.

कडुनिंब-करंजाचं तेल चालेल का, असं काकांनी विचारलं. अंगाला लावायला हरकत नाही, वासानं गोचिडी थोड्या दूर राहतात, पण या भिंतीपुढं त्याचा टिकाव लागणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सोन्याला फ्लुरालेनर ही तोंडानं द्यायची गोळी दिली. तिचा असर बारा आठवडे राहतो. गोचीड चावली की मरते. त्याला कधी फिट आलेली नाही ना, हे आधी विचारून घेतलं. भिंतीवर फवारणी करवली. माडीवरच्या मांजरीला फवारा सुकेपर्यंत खाली येऊ द्यायचं नाही, हे फवारणीवाल्याला तीनदा बजावलं, कारण या औषधांपैकी काही मांजरांना जीवघेणी ठरतात. मग गवंडी बोलावून दगडांच्या दरजा भरून घेतल्या. औषधांवर झाला त्याहून गवंड्यावर खर्च जास्त झाला, आणि काकांनी तो सगळ्यात कमी कुरकुरत केला.

निष्पत्ती

प्लेटलेट औषध सुरू झाल्यापासून सातव्या दिवशी ९६ हजार, २८ व्या दिवशी २ लाख १० हजार. रक्त भरून यायला अजून महिना लागला. क्रिएटिनिन उतरलं. नाकातून पुन्हा रक्त आलं नाही, फ्रिजवरचा कागद वापरावा लागला नाही.

पायांचं? दुसऱ्या आठवड्यातच तो अंगणाची पायरी उतरायला लागला. म्हणजे दुखण्याचा मोठा वाटा तापाचा होता. पाऊस सुरू झाल्यावर, जूनमध्ये, एका पहाटे त्याला झोपेचं इंजेक्शन देऊन दवाखान्यात एक्स-रे काढला. खुब्याचे दोन्ही सांधे मध्यम खराब निघाले. तेव्हा माझं पहिलं निदान अगदीच खोटं नव्हतं. तेवढ्यानं ते पुरेसं ठरत नाही.

प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्यावर अॅक्युपंक्चर पुन्हा सुरू केलं, दहा दिवसांतून एकदा. तो आता बरा चालतो. सुयांनी, पोत्यांनी, अंड्यांनी की तापच गेल्यानं, हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी रक्त घ्यायला हवं होतं. काका नको म्हणाले, हे कारण मी बरेच दिवस पुढं केलं. खरं तर मी आग्रहच धरला नाही. "गोळ्या नकोत" म्हणणाऱ्याला दुखवायला नको, या भिडेत सहा दिवस गेले. आता सुया लावायच्या आधी रक्त, ही अट मी फोनवरच सांगते. काही लोक मग बोलवत नाहीत.

उजेड. जुन्या घरात आधी जनावराला अंगणात आणायचं, हिरड्या तिथं बघायच्या.

"काही गोळी दिलीत का?" असा प्रश्न विचारला की उत्तर "नाही" असंच येतं. आता मी विचारते, "घरात कुणाची गुडघ्याची, पाठीची गोळी चालू आहे? दाखवा बघू." मग पट्टी येते.

पाझरलेल्या दोन जागा मी लिहिल्या होत्या, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. दिसलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

स्टेरॉइड न देण्याचा निर्णय मात्र आजही तसाच घेईन. पुण्याला न नेण्याचाही. तांबड्या पेशींचा आकडा १५-१८ टक्क्यांवर असता तर भरतीवाचून इलाज नव्हता, चिडला असता तरी.

त्यानंतर

फ्लुरालेनरची दुसरी गोळी जुलैत दिली. भिंत कोरडी आहे. शेजारच्या घराशी ती सामाईक आहे आणि तिकडच्या बाजूचा भाग अजून भरलेला नाही. शेजारी म्हणतात, आमच्याकडं कुत्रं नाही, आम्ही का खर्च करावा. काका दर रविवारी त्यांच्याशी बोलायला जातात.

परवा अव्वाचा फोन आला. नंबर मुलानं लावून दिला असणार. "मॅडम, एक सापडली. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलीय, मारली नाही. तुम्ही येताय ना बघायला?"